वारसदाराचा नंबर चुकीच्या बॉक्समध्ये: पतसंस्थेच्या सभासद फॉर्मची मांडणी कशी सुधारली

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावची पतसंस्था, शाखा चार. नाव देत नाही आणि ओळख पटेल असे एकदोन तपशील बदललेत, बाकी जसं घडलं तसं लिहितोय. त्यांचं सभासद नोंदणीचं सॉफ्टवेअर आधी दुसऱ्याच कुणीतरी करून दिलेलं, पुढे सांभाळायला आम्ही तिघांच्या टीमने घेतलं.

काम कसं चालतं ते आधी सांगतो, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावरच फिरले. नवीन सभासद कागदी अर्ज भरतो, फोटो चिकटवतो, सही करतो. मग काउंटरवरच्या ताई तो कागद कीबोर्डच्या डाव्या बाजूला ठेवतात आणि ब्राउझरमधल्या फॉर्मवर उतरवून घेतात. एक नजर कागदावर, एक स्क्रीनवर, माउसला जवळपास हात नाही, सगळं टॅबवर. समोर रांग असते आणि मधेच कुणीतरी पासबुक पुढे करतं.

फॉर्ममध्ये चाळीसेक फील्ड होती, एका ओळीत तीन, प्रत्येकाचं लेबल वर आणि बॉक्स खाली. मूळ फॉर्म इंग्रजीत होता, नंतर संस्थेच्या आग्रहावरून लेबलं मराठी केली गेली. आग्रह अगदी बरोबर होता, पण मांडणी मात्र इंग्रजीच्या मापाचीच राहिली.

अडचण कशी समोर आली

एका शाखेत एक सभासद काका आले आणि म्हणाले, माझ्या खात्याचे मेसेज माझ्या मुलाला का जातात? मुलगा वारसदार म्हणून लावलेला होता. रेकॉर्ड उघडून बघितलं तर मुलाचा नंबर काकांच्या "पर्यायी मोबाइल" मध्ये पडलेला आणि "वारसदाराचा मोबाइल" रिकामा. सिस्टिम सभासदाच्या मुख्य आणि पर्यायी अशा दोन्ही नंबरांवर मेसेज पाठवते, म्हणजे काकांची प्रत्येक भरणा-उचल मुलाच्या फोनवर जात होती.

व्यवस्थापक साहेबांना पहिल्यांदा वाटलं की ताईंची चूक आहे. फोनवर तसं बोललेही. मग आम्ही त्याच शाखेची आणखी रेकॉर्डं काढली तर असेच बरेच निघाले, आणि दुसऱ्या शाखेतही निघाले, वेगवेगळ्या माणसांनी भरलेले. वेगवेगळी माणसं एकाच जागी तीच चूक करत असतील तर बिघाड माणसात नाही, फॉर्ममध्ये आहे, हे आम्ही साहेबांना स्पष्ट सांगितलं. ते सांगणं मला आजही महत्त्वाचं वाटतं, कारण तोपर्यंत ताईंना मेमो देण्याची भाषा सुरू झाली होती.

व्हॅलिडेशनने, म्हणजे भरलेली माहिती तपासणाऱ्या सोयीने, हे का पकडलं नाही? दोन्ही जागी १० आकडी मोबाइल नंबरच हवा असतो आणि वारसदाराचा मोबाइल सक्तीचा नव्हता. सिस्टिमच्या दृष्टीने सगळं बरोबर होतं.

मुळात बिघडलं काय होतं

आमच्या ऑफिसातल्या मोठ्या स्क्रीनवर फॉर्म ठीकच दिसायचा. पहिल्या ओळीत मोबाइल, ईमेल, पर्यायी मोबाइल. दुसऱ्या ओळीत वारसदाराचे नाव, वारसदाराचा मोबाइल, वारसदाराचे अर्जदाराशी नाते. म्हणजे वारसदाराचा मोबाइल ईमेलच्या खाली यायचा आणि गोंधळ व्हायला काही कारणच दिसत नव्हतं. दोन दिवस आम्ही डेटाबेसमध्ये शोधत बसलो.

शेवटी शाखेत जाऊन ताईंच्या शेजारी बसलो तेव्हा कळलं. तिथला मॉनिटर १३६६ पिक्सेल रुंदीचा आणि ब्राउझरचा झूम १२५ टक्के, कारण अक्षर बारीक दिसतं. म्हणजे पानाला हाताशी उरली साधारण १०९३ पिक्सेलची रुंदी. त्या रुंदीत पहिल्या फील्डचं लेबल, "मोबाइल क्रमांक (खात्याचे मेसेज यावर येतील)", दोन ओळींचं झालं, त्यामुळे तो ठोकळा (लेबल अधिक बॉक्स) शेजारच्यांपेक्षा एक ओळ उंच झाला. जुनी मांडणी फ्लोटवर होती (वेबपानावर वस्तू कडेला सरकवून शेजारी शेजारी बसवायची जुनी पद्धत), प्रत्येक ठोकळा ३३ टक्के रुंद आणि फ्लोट लेफ्ट. फ्लोटचा स्वभाव असा की वरचा ठोकळा जरा जास्त खाली आलेला असेल तर पुढच्या ओळीतला पहिला ठोकळा डाव्या कडेला जातच नाही, त्या उंच ठोकळ्याला अडकून त्याच्या उजवीकडेच थांबतो. त्यामुळे वारसदाराचे नाव सरकून ईमेलखाली आलं, वारसदाराचा मोबाइल सरकून पर्यायी मोबाइलच्या बरोबर खाली आला, आणि नात्याचं फील्ड डावीकडे, बाकीच्यांपेक्षा अर्धी ओळ खाली जाऊन बसलं.

यात दुसरी गोष्ट मिसळली. लेबल आणि त्याचा स्वतःचा बॉक्स यांच्यात १० पिक्सेल जागा, आणि त्याच लेबलाच्या वर आधीच्या ओळीचा बॉक्स, त्यातही १० पिक्सेलच. म्हणजे "वारसदाराचा मोबाइल" ही अक्षरं दोन बॉक्सच्या बरोबर मधोमध. वरच्या बॉक्सचं की खालच्या, हे नजरेला सांगणारं काहीच नाही. कागदावरून मान वर करून पटकन बघणाऱ्या माणसाला ते वरच्या बॉक्सच्या खाली लिहिलेलं नाव वाटलं तर त्यात नवल काय!

अलाइनमेंट म्हणजे शेवटी वेळ उरला तर करायची रंगरंगोटी असं आपल्याकडे सर्रास मानतात. या फॉर्ममध्ये मात्र कुठला शब्द कुठल्या बॉक्सचा हे सांगणारी तेवढी एकच गोष्ट होती आणि तीच सरकली होती.

पहिला प्रयत्न, जो फसला

घाई होती म्हणून आम्ही आधी लेबल आखूड केलं, "मोबाइल क्र." इतकंच ठेवलं. त्या शाखेत मांडणी जागेवर आली, आम्ही काम झालं असं कळवून मोकळे झालो. पंधरा दिवसांत दुसऱ्या शाखेतून फोन, आता पत्त्याच्या भागात तसंच होतंय. तिथे झूम १५० टक्के होता आणि दुसरंच लेबल मोडलं होतं. मग प्रत्येक ओळीतल्या पहिल्या ठोकळ्याला क्लिअर लेफ्ट लावलं, म्हणजे तो वरच्या ठोकळ्यांना न अडकता डाव्या कडेपासूनच सुरू होतो. त्याने ओळी सरकणं थांबलं, पण एकाच ओळीतले बॉक्स वरखाली राहायचे ते राहिलेच, आणि लेबल मधोमध लटकण्याचा मुद्दाही तसाच. मराठी लेबल कधी दोन ओळींचं होईल हे आपल्या हातात नाही, ते झालं तरी फॉर्म मोडू नये अशीच मांडणी हवी, हे इथे पक्कं झालं.

कोणते पर्याय होते

पहिला पर्याय, तीन कॉलमच ठेवायचे पण फ्लोटऐवजी फ्लेक्स किंवा ग्रिड (ओळी-कॉलमांत मांडणी करायच्या नव्या पद्धती) वापरायचं. ओळी सरकत नाहीत, प्रश्न एका ओळीतल्या बॉक्सच्या उंचीचा. त्यावर सोपा उपाय म्हणजे सगळे ठोकळे तळाला टेकवायचे, अलाइन-आयटम्स एन्ड. करून बघितलं, बॉक्स एका रेषेत आले, छान दिसलं. मग एका फील्डमध्ये मुद्दाम चुकीची माहिती टाकली, बॉक्सच्या खाली लाल अक्षरात सूचना आली आणि तोच बॉक्स एकटा वर उचलला गेला. म्हणजे नेमकी चूक झाली की मांडणी हलणार. हे मला अजिबात मान्य नव्हतं.

त्याचं खरं उत्तर सबग्रिड, म्हणजे आतल्या ठोकळ्यांनी बाहेरच्या ग्रिडच्याच ओळी वापरायच्या. लेबल, बॉक्स आणि सूचना अशा तीन ओळी मूळ ग्रिडमध्ये धरायच्या, प्रत्येक ठोकळा त्या तीन ओळींवर पसरायचा, म्हणजे एकाचं लेबल दोन ओळींचं झालं तर सगळ्यांची लेबलाची जागा तेवढीच वाढते. सबग्रिड फायरफॉक्समध्ये २०१९ पासून आहे, सफारीत २०२२ ला आलं, क्रोममध्ये सप्टेंबर २०२३ ला ११७ व्या आवृत्तीत. आणि इथे आम्ही अडलो, कारण एका शाखेतलं मशीन विंडोज ७ वर होतं आणि विंडोज ७ साठी क्रोमची शेवटची आवृत्ती १०९. त्या मशीनवर दुसरा ब्राउझर टाकायचा तर मुख्य कार्यालयाची परवानगी, आणि ती केव्हा मिळेल ते कुणी सांगेना.

दुसरा पर्याय, एकच कॉलम, लेबल वर, बॉक्स खाली. मोबाइलवर हेच उत्तम. आमच्यातला एकजण याच्यासाठी अडून बसला, त्याचा आधार २००६ सालचा मातेओ पेन्झो यांचा नजरेच्या हालचालींचा अभ्यास. त्यात लेबल बॉक्सच्या वर असेल तर नजरेला एकावरून दुसऱ्यावर जायला सगळ्यात कमी वेळ लागतो असं दिसलं होतं. मुद्दा खराच, पण चाळीस फील्ड अशी ठेवली तर फॉर्म फार लांब होतो आणि कागदाशी ताळमेळ सुटतो.

तिसरा पर्याय, लेबल डावीकडे, बॉक्स उजवीकडे, एका ओळीत एकच फील्ड, अगदी कागदी अर्जासारखं.

निर्णय

या वेळी कागदच घेऊन बसलो. दुसऱ्या आणि तिसऱ्या पर्यायाचे कच्चे फॉर्म केले आणि दोन ताईंना जुने, आधीच नोंदलेले अर्ज देऊन भरायला सांगितलं. आम्ही काही बोललो नाही, फक्त बघितलं. लेबल वर असलेल्या फॉर्ममध्ये त्या स्क्रोल करताना कागदावरची जागा हरवत होत्या, बोटाने धरून ठेवत होत्या. तिसऱ्यात एका ताईंनी कागद उचलून थेट मॉनिटरला चिकटवून धरला आणि म्हणाल्या, "हे बघा दादा, आता ओळीला ओळ जुळते." तिथे निर्णय झाला. पेन्झो यांचा अभ्यास स्क्रीनवरच्या लेबलापासून बॉक्सपर्यंतच्या नजरेचा होता, आमच्याकडे नजर कागदावरून निघत होती.

लेबल डावीकडे घेताना एक धोका असतो, लेबल आखूड आणि कॉलम रुंद असला तर मधे मोठी रिकामी पट्टी राहते आणि नजर एक ओळ चुकते. म्हणून लेबलातली अक्षरं उजवीकडे टेकवली, बॉक्सला अगदी लागून.

आमच्यात वाद झाला तो लेबलांच्या शब्दांवर. वारसदारासाठी वेगळा फील्डसेट (फील्डचा गट) केला, वर "वारसदार" असं लेजंड (गटाचं शीर्षक) दिलं, मग प्रत्येक लेबलात पुन्हा "वारसदाराचे" कशाला, नुसतं नाव, मोबाइल, नाते पुरे असं एकाचं म्हणणं. दिसायला सुटसुटीत, शिवाय अंधांसाठी पान मोठ्याने वाचणारा स्क्रीन रीडर सहसा लेजंडही वाचून दाखवतो. पण पान खाली सरकलं की लेजंड वर जाऊन दिसेनासं होतं आणि समोर उरतं फक्त "मोबाइल". ज्या फील्डने एवढं रामायण घडवलं तिथे मी ते मान्य केलं नाही. नाव आणि नाते आखूड केलं, "वारसदाराचा मोबाइल" पूर्ण ठेवला.

प्रत्यक्ष काम

साचा साधाच. रुंद स्क्रीनवर ग्रिडचे दोन कॉलम, लेबलाचा १४ रेमपर्यंत (रेम म्हणजे पानाच्या मूळ अक्षराच्या आकाराएवढं माप), बॉक्सचा मिनमॅक्स शून्य ते १ एफआर, म्हणजे उरलेली सगळी जागा, पण गरज पडली तर आकसणारी. नुसतं १ एफआर लिहिलं की फसतं, कारण ग्रिड आतल्या वस्तूला तिच्या नैसर्गिक रुंदीपेक्षा लहान करत नाही आणि ड्रॉपडाउनची नैसर्गिक रुंदी ठरते सगळ्यात लांब पर्यायावरून. आमच्या व्यवसायाच्या यादीत एक पर्याय होता "शेती व शेतीपूरक व्यवसाय (दुग्धव्यवसाय, कुक्कुटपालन इ.)", त्या एका पर्यायाने अख्खा कॉलम ताणला जात होता. फील्डसेटचंही तसंच, ब्राउझर त्याला आपणहून मिन-कंटेंटची (आतला मजकूर मावेल इतकी) किमान रुंदी देतो, ती शून्य करावी लागली. अरुंद स्क्रीनवर दोन्ही कॉलमचा एक होतो आणि लेबल वर जातं. तिथे लेबल ते बॉक्स अंतर ४ पिक्सेल आणि दोन फील्डमधलं अंतर २४ पिक्सेल ठेवलं, म्हणजे लेबल कुणाचं हा प्रश्नच येत नाही.

टेक्स्टबॉक्स आणि ड्रॉपडाउन यांची उजवी कड जुळत नव्हती, कुणी विचारलं नव्हतं पण डोळ्याला खुपत होतं. दोघांना २४० पिक्सेल रुंदी दिलेली, तरी टेक्स्टबॉक्स १४ पिक्सेलने बाहेर. कारण ब्राउझर टेक्स्टबॉक्सला मूळचं कंटेंट-बॉक्स देतो, म्हणजे दोन बाजूंचं ६-६ पॅडिंग (आतली मोकळी जागा) आणि १-१ बॉर्डर २४० च्या वर मोजली जाते, तर ड्रॉपडाउन मूळचाच बॉर्डर-बॉक्स. सगळ्यांना बॉर्डर-बॉक्स केलं की एका रेषेत.

मग फॉन्ट. इनपुट, सिलेक्ट, टेक्स्टएरिया हे पानाचा फॉन्ट आपणहून घेत नाहीत, फॉन्ट इनहेरिट सांगावं लागतं. जुन्या फॉर्ममध्ये ते नव्हतं आणि बॉक्सची उंची २४ पिक्सेलवर बांधलेली. रोमन अक्षरांना ती पुरते. एका ताईंनी गावाच्या बॉक्समध्ये "मूर्तिजापूर" टाइप केलं तेव्हा वरचा रफार अर्धा छाटला गेला आणि खालचे ऊकार कडेला घासून गेले, "मूर्ति" आहे की "मूति" हे स्क्रीनवर कळेना. देवनागरीला वर आणि खाली दोन्हीकडे जागा लागते. ठरावीक उंची काढून टाकली, लाइन-हाइट १.६ आणि किमान उंची ४४ पिक्सेल ठेवली, अक्षराचा आकार १६ पिक्सेल. तो १६ चा आकडा आयफोनसाठीही लागतो, त्यापेक्षा लहान असेल तर बॉक्सवर बोट ठेवताच सफारी पान झूम करतो.

डावीकडचं लेबल आणि बॉक्समधली अक्षरं एकाच पायरेषेवर यावीत म्हणून प्रत्येक ओळीला अलाइन-आयटम्स बेसलाइन दिलं, लेबल दोन ओळींचं झालं तर त्याची पहिली ओळ बॉक्समधल्या अक्षरांना जुळते. पत्त्याचा टेक्स्टएरिया मात्र बेसलाइनवर नीट बसत नाही, त्याची बेसलाइन ब्राउझर तळाशी धरतो, तिथे लेबल वरच्या कडेला घेऊन थोडं पॅडिंग दिलं. शेवटचा घोषणापत्राचा चेकबॉक्सही असाच, चार ओळींच्या मजकुराच्या मधोमध तरंगत होता, तो पहिल्या ओळीशी आणला.

बॉक्सची रुंदीही माणसाला काहीतरी सांगते. पिनकोड ६ आकडी, त्याला पत्त्याएवढा लांब बॉक्स कशाला? तिथे ६ सीएच (एक सीएच म्हणजे शून्य या आकड्याची रुंदी) अधिक पॅडिंग, मोबाइलला १० सीएच अधिक पॅडिंग. एखादा आकडा राहिला तर बॉक्सच्या शेवटी मोकळी जागा दिसते. डाव्या कडा सगळ्यांच्या एका रेषेत, उजव्या कडा मजकुराप्रमाणे. आकड्यांसाठी नंबर टाइप वापरला नाही, माउसचं चाक फिरलं की आकडा बदलू शकतो. साधा टेक्स्ट आणि इनपुटमोड न्यूमेरिक, म्हणजे फोनवर आकड्यांचा कीबोर्ड उघडतो.

नावाचे तीन बॉक्स, आडनाव, नाव आणि वडिलांचे / पतीचे नाव, हे कागदावरही आडवे आहेत म्हणून आडवेच ठेवले. हीच एक जागा जिथे सबग्रिडची उणीव भासली. तोड अशी काढली की ठोकळे तळाला टेकवले आणि चुकीची सूचना प्रत्येक बॉक्सखाली न देता तिघांची मिळून एकाच जागी, ओळीच्या खाली दिली. सूचना आली तरी बॉक्स हलत नाहीत.

टॅबचा क्रम. जुन्या कोडमध्ये कुणीतरी कागदाशी जुळावं म्हणून काही फील्ड फ्लेक्सच्या ऑर्डरने पुढेमागे केली होती. ऑर्डर फक्त दिसणं बदलते, टॅब एचटीएमएलच्या क्रमानेच जातो. ताई म्हणायच्या, "टॅब मारला की कर्सर भलतीकडेच जातो, मग मी न बघता टाइप करते ते चुकीच्या ठिकाणी पडतं." ऑर्डर सगळी काढली आणि एचटीएमएलच कागदाच्या क्रमाने लिहिलं.

परिणाम

नवीन फॉर्म आधी एका शाखेत महिनाभर चालवला, मग बाकीच्या तिन्ही. त्यानंतर वारसदाराचा नंबर अर्जदाराकडे गेल्याची तक्रार आमच्याकडे आलेली नाही. ताईंनी झूम १५० वर नेला तरी ओळी जागेवर राहतात. विंडोज ७ च्या मशीनवरही तसंच दिसतं, त्यासाठी वेगळं काही करावं लागलं नाही.

जुन्या रेकॉर्डांचं काम मात्र जड गेलं. पर्यायी मोबाइल भरलेला आणि वारसदाराचा रिकामा अशी सगळी रेकॉर्डं काढून दिली, पण त्यातली चुकीची कोणती हे कागद बघितल्याशिवाय कळणार नव्हतं. शाखांनी फायली काढून एकेक तपासलं. तोपर्यंत पर्यायी नंबरावरचे मेसेज आम्ही थांबवून ठेवले होते, ते काकांची तक्रार आली त्याच दिवशी थांबवायला हवे होते. आम्ही पहिली दुरुस्ती फसल्यावर थांबवले. कुणाच्या खात्याची माहिती दुसऱ्याला जातेय हे कळल्यावर लेबल आखूड करण्यात वेळ घालवला, हा या प्रकरणातला सगळ्यात चुकीचा निर्णय असं मी मानतो.

पुन्हा करायचं झालं तर

पहिल्या दिवशी काउंटरवर जाऊन बसेन. डेटाबेसमध्ये गेलेले दोन दिवस आणि फसलेली दुरुस्ती, दोन्ही त्या अर्ध्या तासात वाचले असते. प्रत्येक शाखेत ब्राउझरची आवृत्ती, स्क्रीनची रुंदी आणि झूम किती हे काम सुरू करायच्या आधीच लिहून घेईन, सबग्रिडवर आम्ही आठवडाभर काम केलं आणि मग विंडोज ७ चं मशीन निघालं.

फॉर्म तपासताना रिकामा फॉर्म बघणं बंद केलंय. आता आमच्याकडे एक ठरलेला अर्ज आहे, सगळ्यात लांब लेबलं, "मूर्तिजापूर" आणि "कुर्डुवाडी" सारखी गावं, प्रत्येक फील्डमध्ये चुकीची सूचना उघडलेली, झूम १५० टक्के. त्यात फॉर्म टिकला तरच पुढे पाठवायचा. आणि वारसदाराचा मोबाइल अर्जदाराच्या कुठल्याही नंबराशी जुळला किंवा वारसदाराचं नाव भरून नंबर रिकामा राहिला तर विचारणारी एक ओळ टाकलीय, अडवत नाही, फक्त विचारते.

आता कर्जाचा अर्ज हातात आहे. त्यात दोन जामीनदार आहेत आणि दोघांची माहिती अगदी सारखी. कागदावर ते शेजारी शेजारी आहेत, स्क्रीनवर शेजारी ठेवले तर टॅब आडवा न्यायचा की आधी एकाचं सगळं खालपर्यंत? येत्या सोमवारी त्याच ताईंकडे दोन्ही कच्चे फॉर्म घेऊन जातोय.